शेवटचं पान आधी

माझे सासरे कादंबरी हातात आली की आधी शेवटचं पान वाचतात. चोरून नाही, अगदी उघड. चष्मा पुसतात, पुस्तक मागून उघडतात, ते एक पान सावकाश वाचतात, ‘हं’ म्हणतात आणि मग पहिल्या पानावर येतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “बाबा, हे काय? शेवट कळल्यावर उरलेलं वाचायचं कशाला?” तर शांतपणे म्हणाले, “तिथवर कसे पोचले ते बघायला.”

आम्ही कोलकात्यात, बागबाजारात राहतो. एका जुन्या घराचा दुसरा मजला, भाड्याचा. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला इथे पाठवलं आणि मग बहुधा विसरून गेली. मुलगी इथेच वाढली. मराठी बोलते, पण जपून, आणि वाचते ती बंगाली नाहीतर इंग्रजी. आता ती शिकायला हैदराबादला असते. नवरा माणूस म्हणून लाखात एक आहे, पण कादंबरी हातात घेतली की तिसऱ्या पानावर घोरतो. शहराच्या दक्षिणेला मराठी मंडळी आहेत, गणपतीला भेटतात, पण त्यांच्यात वाचणारी म्हणून जिचं माझ्याशी जमतं तिच्या नवऱ्याची नेमकी बदली होते. हे इतक्यांदा झालंय की आता मी कुणाला ‘काय वाचताय’ असं विचारायलाही घाबरते.

अशात बाबा आले. सासूबाई गेल्या आणि मिरजेच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच उरले. पावसाळ्यात नवरा जाऊन त्यांना घेऊन आला. कपड्यांची एक लहान बॅग होती आणि कादंबऱ्यांची मोठी. ती मोठी बॅग दोन जिने चढवताना नवरा काय काय पुटपुटला ते इथे लिहीत नाही. मी मात्र दारातच ती उघडून बसले आणि बाबांना पाणी विचारायचंही विसरले. बाबा म्हणाले, “दिवाळीपर्यंत पुरतील एवढ्या आणल्यात. भाऊबीज झाली की मी निघणार.” हेही त्यांचं शेवटचं पानच, येण्याआधी वाचून ठेवलेलं.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, दिवसभर कानाला हेडफोन. चारच्या सुमाराला तो काढायचा, चहा टाकायचा आणि बाबांच्या समोर बसायचं, असा आमचा परिपाठ पडला. पुस्तक एक आणि वाचणारे दोघं, तेव्हा त्यात खुणाही दोन. माझी म्हणजे मेट्रोचं जुनं कार्ड. त्यांची म्हणजे सासूबाईंची केसातली काळी पिन. दोघांचं वाचून होईपर्यंत त्या पुस्तकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, आणि झालं की चहाच्या वेळी मत द्यायचं, असा नियम मी केला. तो ते पाळायचे, मला जड जायचं.

माझी मतं तिखट असतात. माझी आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. पहिली वाचली ती एका घराण्याची कादंबरी, चार पिढ्यांची, उशीला घ्यावी इतकी जाड. सुरुवातीला वंशवृक्ष छापलेला. प्रत्येक बाळंतपणाला मागे जाऊन कोण कुणाचं ते बघावं लागायचं. मी म्हटलं, “पहिल्या दोन पिढ्या मरेपर्यंत कादंबरी सुरूच होत नाही. आणि सगळ्या बायका एकीसारख्या एक, नुसत्या सोसतात.” बाबा म्हणाले, “बांधकाम पक्कं आहे.” ते पाटबंधारे खात्यात होते, ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी.

दुसरी एका नव्या लेखिकेची. तिच्यात अवतरणचिन्हं नाहीत, परिच्छेद नाहीत, नायिका एका उंच इमारतीच्या खिडकीत उभी राहून बाहेर बघते. बघतेच. ऊन बघते, कावळा बघते, समोरच्या गच्चीवरची चादर बघते. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी हिला हाक मारा, गॅसवर दूध ठेवलंय म्हणून सांगा. मी हे सगळं बाबांना सांगितलं आणि विचारलं, “तुम्हाला कशी वाटली?” ते पुस्तकावरून हात फिरवत म्हणाले, “कागद चांगला आहे.”

नंतर माझ्या लक्षात आलं की पुस्तक आवडलं नाही की ते कागदाची तारीफ करतात. फारच वाईट असलं तर छपाईचीही. एका कादंबरीला तर ‘बाइंडिंगसुद्धा उत्तम’ म्हणाले होते, तेव्हा मी ती न वाचताच परत ठेवली.

कोकणातल्या होमस्टेमधल्या खुनाची कादंबरी मात्र आम्हाला दोघांना आवडली, फक्त तिच्यापायी आमचं बिनसलं. त्यांना खुनी पहिल्याच दिवशी माहीत. मी आपली जीव मुठीत धरून वाचतेय, आणि हे समोर शेंगा सोलत मिशीत हसताहेत. एकदा मी स्वयंपाकघरात जाता जाता म्हटलं, डॉक्टरवर माझा संशय आहे. तर मागून आवाज आला, “बागेतल्या माळ्यावर लक्ष ठेव.” त्या संध्याकाळी मी त्यांच्या आमटीत गूळ घातला नाही. ते मुकाट्याने जेवले आणि नवऱ्याला म्हणाले, “आज आमटीचा रंग चांगला आहे.” मला हसू आवरेना.

शेवटच्या पानाचं खरं कारण मला त्यानंतर कळलं. दुपारी पुस्तकं नीट लावताना मी पुन्हा टोमणा मारला, तेव्हा म्हणाले, “अगं, ही सवय तुझ्या सासूची. शेवट वाईट असला तर ती चार दिवस जेवायची नाही धड. म्हणून मला आधी बघायला लावायची. शेवट गोड असेल तरच द्या म्हणायची. गोड असला तर तिला द्यायचो, नाही तर वरच्या फळीवर.” मग काळी पिन पानात सरकवून म्हणाले, “आता द्यायची कुणाला? पण हात आपोआप मागेच जातो.” मी टोमणा मागे घेतला आणि उरलेली पुस्तकं लावली. माझ्या बाबतीत हे नवलच.

संध्याकाळी बाबा खाली जायला लागले होते. आमच्या घराच्या दाराशी रस्त्यालगत ओटा आहे, इथे त्याला रोक म्हणतात, आणि गल्लीतली निवृत्त मंडळी तिथे रोज अड्डा जमवतात. त्यातले मुख्य आमचे घरमालक, तळमजल्यावर राहतात. त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना सांगितलं की तुम्हा मराठ्यांच्या स्वाऱ्या अडवायला आमच्या लोकांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता, आणि बघा, आता तुम्ही आमच्याच डोक्यावर राहता. बाबा म्हणाले, “खंदकाचं काम कच्चं झालं असणार.” ओटा हसला आणि बाबांना जागा मिळाली. सगळे त्यांना ‘दादा’ म्हणायला लागले. या वयात दादा म्हणजे काय, असं ते मला म्हणाले, पण खूश होते.

मला वाटलं, तिथे ते क्रिकेट आणि गुडघेदुखी यावर बोलत असतील. मातीच्या कपातला चहा पितात, मुडी, म्हणजे मुरमुरे, खातात आणि वर येतात, एवढंच मला ठाऊक होतं.

दुर्गापूजा झाली आणि बॅगेच्या तळाशी राहिलेली एक कादंबरी वर आली. वरच्या फळीवरची, म्हणजे सासूबाईंना न दिलेली. एक निवृत्त शिक्षक, बायको गेलेली, मुलगा लांबच्या शहरात. मास्तर मुलाकडे राहायला जातात, तिथे त्यांचा जीव रमत नाही, ते परत येतात आणि शेवटच्या पानावर संध्याकाळच्या वेळी बंद दारापुढे खुर्ची टाकून बसतात. लेखकाने लिहिलंय छानच, खोटं कशाला बोलू. पण मला तिचा असा राग आला की मी नियम मोडून, त्यांचं वाचून व्हायच्या आतच, बाबांपुढे ती आपटली.

“या सुनेला तोंडच दिलेलं नाही त्याने. अख्ख्या पुस्तकात बाई काय बोलते? ‘बाबा, चहा.’ ‘बाबा, जेवायला वाढलंय.’ आणि मास्तर बॅग घेऊन निघतात, रिक्षा दारात उभी, तेव्हा ही काय विचारते? ‘पाण्याची बाटली घेतलीत ना?’ माणूस घर सोडून चाललाय आणि हिला बाटलीचं पडलंय. असं कुणी असतं का?”

“असतं,” बाबा म्हणाले. “दुसरं काय विचारणार ती? तूही तेच विचारशील.”

ते चिडून बोलले नव्हते, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, “बरं झालं, आठवलं. गाडीत मोठी बाटली लागेल. आणून ठेवशील?” तिकीट केव्हाच काढून झालं होतं. हावड्याहून पुणे, तिथून मिरज, भाऊबीज झाली की दोन दिवसांनी.

मला ते जायला नको होते. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “तू बोल ना त्यांच्याशी, तुझं ऐकतात.” आता काय बोलणार? ‘राहा’ म्हटलं तर त्यांना वाटणार, कर्तव्य म्हणून म्हणते. सुना तसं म्हणतातच. कादंबऱ्यांतल्यासुद्धा म्हणतात. परक्या लेखकाची सालटी काढायला मला अर्धं मिनिट पुरतं, पण हे एक वाक्य काही जिभेवर येईना. मी त्यांच्या आवडीची फ्लॉवरची भाजी जास्तच वेळा करायला लागले. तेवढं जमत होतं.

आणि एक दिवस बाजारातून येताना घरमालकांनी मला जिन्यात गाठलं. त्यांच्या बंगाली वळणाच्या हिंदीत त्यांनी विचारलं, “बौमा, एक सांग. त्या सुनेने सासऱ्याच्या आमटीत गूळ घातला नाही, त्यानंतर त्यांचं बोलणं झालं की नाही?”

बौमा म्हणजे सूनबाई. मला आधी वाटलं, बाबांनी घरातली गोष्ट बाहेर सांगितली. मी जरा तोऱ्यात विचारलं, “कुठली सून?” ते म्हणाले, “अगं, कादंबरीतली. दादा रोज संध्याकाळी आम्हाला तुमच्या मराठीतली एक कादंबरी सांगतात ना, मास्तरांची. मास्तर म्हातारे आहेत, ठीकच आहेत, पण ती सून! काय बोलते! प्रत्येक पुस्तकाचं पितळ उघडं पाडते. खिडकीत उभ्या बाईला दुधाची आठवण करा म्हणते. आम्ही सगळे तिच्यासाठी येऊन बसतो.”

मी भाजीची पिशवी कठड्यावर टेकवली. त्या पुस्तकात आमटी नव्हती, गूळ नव्हता, दूधही नव्हतं. बाबांनी त्या मुक्या सुनेला माझं तोंड दिलं होतं. गेले कित्येक दिवस बागबाजारातल्या एका ओट्यावर मी कादंबरीत वावरत होते आणि मला पत्ता नव्हता. राग यायला हवा होता. मला रडू आलं, आणि घरमालक घाबरून म्हणाले, “वाईट शेवट आहे का? नको सांगूस मग.”

वर जाऊन मी बाबांना काही विचारलं नाही. चहा दिला. त्यांनी विचारलं, “डोळे का लाल?” मी म्हटलं, कांदे. घरात कांदे संपले होते म्हणून तर मी बाजारात गेले होते, आणि ते आणायचे राहिलेच होते.

कालीपूजा दोन-तीन दिवसांवर आली. गल्लीत दिव्यांच्या माळा चढल्या. त्या संध्याकाळी मी पणत्या आणायला गेले होते आणि येताना, सांगितल्याप्रमाणे, स्टीलची मोठी बाटली घेतली. गल्लीत शिरले तर ओटा भरलेला. घरमालक, त्यांचे नेहमीचे सोबती, मध्ये बाबा, हातात मातीचा कप. सगळे त्यांच्याकडे वळून बसलेले. मला बघून घरमालकांनी हातच केला.

“बौमा, इकडे ये. दादा आज हट्टाला पेटलेत. मास्तरांची बॅग भरून झाली, रिक्षा दाराशी आली, आणि इथे येऊन म्हणतात, पुढचं आठवत नाही. ‘तारपोर? तारपोर?’ करून आमचा घसा सुकला.” तारपोर म्हणजे मग पुढे काय. “तू वाचलंयस ना ते पुस्तक? ती सून काय म्हणते?”

आठवत नाही म्हणे. शेवटचं पान आधी वाचणाऱ्या माणसाला. मी बाबांकडे बघितलं. ते कपात बघत होते. आणि माझ्या हातातल्या पिशवीतून बाटलीचं झाकण वर डोकावत होतं.

मी हिंदीत सुरुवात केली. “वो बोलती है,” म्हटलं, “पानी की बोतल...” आणि पुढे जाईना. ओटा वाट बघत होता. मग माझं हिंदी सुटलं, आणि जे आलं ते सगळं मराठीत आलं.

“ती म्हणते, कुठे चाललात? त्या बंद फ्लॅटमध्ये कुणाशी भांडणार आहात? मी अर्धी कादंबरी वाचून ठेवलीय, तिचं मत कुणाला सांगू? तुमच्या मुलाला? तो तिसऱ्या पानावर घोरतो. ती म्हणते, हे कर्तव्य-बिर्तव्य काही नाही. मला तुमची सवय झालीय. चार वाजले की मला तुम्ही समोर लागता. तुम्ही गेलात तर मला करमणार नाही, अजिबात करमणार नाही. ती म्हणते, बॅग खाली ठेवा. आणि ती बाटलीचं विचारत नाही.”

त्या ओट्यावर मराठी कळणारा माणूस एकच होता. बाकीचे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. घरमालकांनी बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “दादा, काय म्हणाली?”

बाबांनी कप खाली ठेवला. चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. “बोलती है,” ते म्हणाले आणि थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, “बोलती है, मत जाइए.”

“तारपोर?” कुणीतरी विचारलंच.

“तारपोर कुछ नहीं. यही आखरी पन्ना है.”

घरमालक म्हणाले की शेवट चांगला आहे, फक्त मास्तरांनी काय केलं ते लेखकाने सांगायला हवं होतं. मग त्यांनी सगळ्यांसाठी आणखी एकदा चहा मागवला, मलाही बसवून घेतलं, आणि तो विषय तिथेच सोडून ओटा कालीपूजेच्या लाउडस्पीकरवर भांडायला लागला.

वर जाताना बाबा माझ्या पुढे होते. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते दम खायला थांबतात, तसे थांबले. मी पणत्या आणि बाटली सांभाळत मागे उभी. मला आता भयंकर लाज वाटत होती. इतक्या लोकांत मी इतकं बोलले होते.

“ते तिकीट,” बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, “मोबाइलवरच रद्द होतं ना?”

“होतं.”

“सांग त्याला करायला.”

ते पुढे चढायला लागले. मला गप्प बसवेना. नियमच होता आमचा, संपलं की मत द्यायचं. मी मागून विचारलं, “आणि शेवट कसा वाटला? कागद चांगला होता ना?”

ते दोन पायऱ्या वर होते. कठडा धरून वळले.

“कागदाचं मला माहीत नाही,” म्हणाले. “पण ही मी तुझ्या सासूला वाचायला दिली असती.”